ऑटिझमचे खापर कोणाच्या माथी?

ऑटिझम किंवा स्वमग्नता हा शब्द आज शहरांतील बहुतेक सुशिक्षित घरांत ओळखीचा झाला आहे. मात्र त्याविषयी ठाम मते बाळगणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना एखाद्या स्वमग्न मुलाचा किंवा प्रौढाचा निकटचा सहवास लाभलेला असतो. ही मते चित्रपटांतून, बातम्यांतून, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांतून आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यांतून तयार होतात आणि त्यांत सर्वाधिक भर असतो तो कारणावर. मूल बोलत का नाही, याचे उत्तर म्हणून कोणी लशीकडे बोट दाखवतो, कोणी मोबाइलकडे, कोणी गरोदरपणात घेतलेल्या तापाच्या गोळीकडे. ही कारणे वरवर कितीही भिन्न दिसली, तरी त्यांतील बहुतेकांचे खापर अखेरीस मुलाच्या आईच्याच माथी फुटते. गेल्या ऐंशी वर्षांत संशोधकांनी असे एकेक आरोप तपासून बाजूला सारले, पण प्रत्येक वेळी त्या जागी नवा आरोप उभा राहिला.

वैद्यकीय दृष्टीने ऑटिझम म्हणजे काय, हे आधी पाहणे आवश्यक आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डीएसएम-५’ या निदान-नियमावलीनुसार त्याची लक्षणे दोन गटांत मोडतात. पहिल्या गटात इतरांशी संवाद साधणे, नजर आणि हावभाव यांचा मेळ घालणे, मैत्री जुळवणे व टिकवणे यांतील अडचणी येतात, तर दुसऱ्या गटात तीच तीच कृती पुन्हा पुन्हा करणे, ठरलेल्या क्रमात बदल झाल्यास अस्वस्थ होणे, एखाद्याच विषयात पूर्ण रमून जाणे आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांची नेहमीपेक्षा फार तीव्र किंवा फार मंद जाणीव असणे यांचा समावेश होतो. कुकरच्या शिट्टीने कान झाकून कोपऱ्यात जाणारे किंवा नेहमीचा रस्ता सोडून रिक्षा दुसऱ्या गल्लीत वळताच रडू लागणारे मूल हट्टी असतेच असे नाही. त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचणारे जग वेगळ्या तीव्रतेचे असू शकते. ही लक्षणे प्रत्येकात वेगळ्या प्रमाणात आढळतात, म्हणून त्यांना वर्णपट म्हटले जाते. आयुष्यभर एकही शब्द न बोलणारी व्यक्ती आणि विद्यापीठात शिकवणारी प्राध्यापिका या दोघीही त्या एकाच वर्णपटावर असू शकतात. ऑटिझमचे निदान करणारी रक्ताची चाचणी नाही किंवा मेंदूचे छायाचित्रही नाही. प्रशिक्षित व्यक्तीने मुलाचे निरीक्षण करून आणि पालकांशी सविस्तर बोलूनच ते करावे लागते. जे यंत्रात दिसत नाही आणि कागदावर आकड्यात उतरत नाही, त्याविषयी तर्कांना मोकळे रान मिळते.

यांतील पहिला मोठा तर्क वैद्यकाच्याच घरात जन्मला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ८ मुलगे आणि ३ मुली अशा ११ मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि ऑटिझम ही स्वतंत्र अवस्था असल्याचे प्रथम ठळकपणे मांडले. ही अवस्था जन्मजात असावी, असे त्यांनी त्याच निबंधात म्हटले होते. परंतु या मुलांच्या पालकांत मायेची ऊब क्वचितच आढळते, असे निरीक्षणही त्यांनी जोडले आणि पुढे लोकांच्या लक्षात राहिले ते हेच निरीक्षण. कॅनर यांच्यापर्यंत पोहोचणारे पालक बहुतेक उच्चशिक्षित होते, कारण त्या काळी मुलाला दूरच्या तज्ज्ञाकडे नेण्याची ऐपत आणि माहिती त्यांच्याचकडे होती. अशा निवडक नमुन्यावरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे हा संशोधनातील एक जुना दोष आहे. शिवाय, ज्या आईचे मूल तिच्या हाकेला अनेक वर्षे प्रतिसादच देत नाही, ती डॉक्टरांसमोर थकलेली आणि अबोल दिसली, तर तो थकवा परिणाम आहे की कारण, हा साधा प्रश्नही त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.

शिकागोत मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मधील ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकातून ही कल्पना घरोघरी पोहोचवली. आपल्याला आई नाकारते आहे असे जाणवलेले मूल स्वतःभोवती तटबंदी उभारते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हे नाव अमेरिकेतील असंख्य स्त्रियांना चिकटले; मुलावर उपचार म्हणून त्याला आईपासून दूर ठेवावे, असा सल्ला दिला जाऊ लागला. एका संपूर्ण पिढीतील आयांना मुलाच्या अडचणीचे दुःख आणि त्या अडचणीचा ठपका हे दोन्ही एकाच वेळी सोसावे लागले, आणि हे सारे कोणत्याही नियंत्रित अभ्यासाच्या आधाराशिवाय घडले.

या मताला पहिला भक्कम विरोध एका पालकाकडूनच झाला. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ च्या पुस्तकात ऑटिझमचे मूळ जैविक असल्याचे मांडले. खुद्द कॅनर यांनीही १९६९ मध्ये पालकांच्या एका सभेत त्यांना जाहीरपणे निर्दोष ठरवले. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच फलित अंड्यापासून जन्मलेल्या, म्हणजे जनुके जवळजवळ सारखी असलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. दोन वेगळ्या अंड्यांपासून जन्मलेल्या १० जोड्यांत मात्र असे एकही उदाहरण नव्हते. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना आई एकच आणि घरही एकच असल्यामुळे, हा फरक आईच्या वागण्यातून आला असे म्हणता येईना. पुढच्या काळात पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ऑटिझमची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के असल्याचे दाखवले. एखाद्या मुलाचा ८० टक्के ऑटिझम जनुकांतून आला, असा त्याचा अर्थ नाही. लोकसंख्येत माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातील बहुतेक भाग जनुकीय फरकांशी निगडित आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. शेकडो जनुकांचा यात संबंध आढळला आहे, आणि त्यांतील काही बदल आईवडिलांत नसतात, तर मुलातच नव्याने उद्भवतात.

आरोपाचा हा इतिहास चालू असतानाच लोकप्रिय संस्कृतीने ऑटिझमला एक चेहरा दिला. बॅरी लेव्हिन्सन यांचा ‘रेन मॅन’ हा चित्रपट १९८८ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला चार ऑस्कर मिळाले. उपाहारगृहात जमिनीवर सांडलेल्या दातकोरण्यांकडे एक नजर टाकून चित्रपटातील स्वमग्न रेमंड २४६ हा आकडा सांगतो आणि डबीत उरलेल्या चार काड्या धरून तो २५० शी बरोबर जुळतो, हा प्रसंग पाहणाऱ्याच्या मनातून सहसा पुसला जात नाही. डस्टिन हॉफमन यांनी साकारलेल्या या व्यक्तिरेखेची प्रेरणा मात्र सॉल्ट लेक सिटीतील किम पीक यांच्याकडून आली होती. त्यांच्या मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पट्टाच नव्हता, आणि ते स्वमग्न नसावेत, असे पुढे तज्ज्ञांचे मत झाले. चित्रपटाचे ऋण मान्य केलेच पाहिजे, कारण त्याआधी ऑटिझमचे नावही न ऐकलेल्या कोट्यवधी लोकांना त्याची ओळख झाली. पण तेव्हापासून स्वमग्न मुलाच्या पालकांना नातेवाइकांकडून ‘मग याच्यात काय खास आहे?’ हा प्रश्न ऐकावा लागतो, आणि मुलात काहीच अलौकिक नसेल तर तोही जणू त्यांचाच उणेपणा ठरतो. चित्रपटाच्या शेवटी रेमंड पुन्हा आपल्या पूर्वीच्या निवासी संस्थेत राहायला जातो, कारण बाहेरच्या जगात त्याच्यासाठी काही व्यवस्थाच नाही. त्या शेवटाची आठवण प्रेक्षकांना फारशी राहिली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

हिंदी चित्रपटांनी हीच वाट थोड्या फरकाने धरली. ‘माय नेम इज खान’ (२०१०) मधील रिझवान बिघडलेली कोणतीही वस्तू दुरुस्त करतो आणि थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचतो, ‘बर्फी!’ (२०१२) मधील झिलमिल ही भोळी, निरागस आणि प्रेमळ आहे. दोन्ही व्यक्तिरेखा सहृदयतेने लिहिलेल्या असल्या, तरी एकीत असामान्यत्व आणि दुसरीत देवदूतपण आल्यामुळे दात घासायला आणि कपडे बदलायला पंचविसाव्या वर्षीही मदत लागणारा सामान्य स्वमग्न तरुण पडद्याबाहेरच राहिला. मुलींचा तोटा आणखी वेगळा झाला. पडद्यावरच्या चेहऱ्यांत मुलगे अधिक आणि त्यांचे छंद गाड्या, आकडे, वेळापत्रके असे असल्याने, वर्गात गप्प बसून मैत्रिणींची नक्कल करत दिवस निभावून नेणारी मुलगी केवळ लाजाळू समजली जाते आणि तिचे निदान अनेकदा प्रौढपणी होते.

‘द बिग बँग थिअरी’ या मालिकेतील शेल्डन कूपरला तिच्या निर्मात्यांनी कधीही स्वमग्न म्हटले नाही, पण प्रेक्षकांनी ते निदान स्वतःच करून टाकले, आणि संगणक-अभियंता म्हणजे थोडासा ऑटिस्टिक असणारच, हे वाक्य पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतही सहज ऐकू येऊ लागले. या समजुतीला अभ्यासाचा अल्पसा आधार आहे. नेदरलँड्समधील आइंडहोव्हन हे तंत्रज्ञान-उद्योगांचे शहर असून तेथील शाळांत दर १०,००० मुलांमागे २२९ मुलांचे ऑटिझमचे निदान झालेले होते, तर हार्लेम आणि उट्रेख्त या शहरांत हा आकडा अनुक्रमे ८४ आणि ५७ होता, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. परंतु जेथे पालक सुशिक्षित आणि शाळा जागरूक, तेथे निदानही अधिक होते, ही शक्यता त्यातून वगळता येत नाही. अभियंत्याच्या तिरसटपणाला किंवा एकलकोंडेपणाला ऑटिझमचे लेबल लावल्याने त्या अभियंत्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते ज्याला खरी मदत हवी आहे त्याचे, कारण ‘आजकाल सगळेच ऑटिस्टिक असतात’ असे म्हणून त्याची अडचण झटकून टाकली जाते.

स्वमग्न माणसांना भावना नसतात, हा समज याहून अधिक घातक आहे आणि त्याचा उगम एका नावाजलेल्या प्रयोगाच्या ढोबळ अर्थात आहे. लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये मुलांना दोन बाहुल्यांचा एक छोटासा खेळ दाखवला. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, तिच्या पाठीमागे ॲन ती काढून खोक्यात टाकते, आणि सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल, असे मुलांना विचारले जाते. गोटी हलवल्याचे सॅलीला ठाऊक नाही, हे ज्याच्या ध्यानात येते तो ‘टोपलीत’ असे उत्तर देतो. २० स्वमग्न मुलांपैकी १६ मुलांनी मात्र गोटी प्रत्यक्ष जेथे होती ते खोके दाखवले. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधणे त्यांना जड जाते, एवढे यातून दिसले. चार मुलांनी बरोबर उत्तर दिले होते आणि ही चाचणी भाषेवर बरीच अवलंबून आहे, या गोष्टी पुढे मागे पडल्या. दुसऱ्याच्या मनाचा अंदाज येणे आणि दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणे या दोन निरनिराळ्या क्षमता आहेत. आई का रडते आहे हे न कळलेले मूल तिच्या रडण्याने कमालीचे अस्वस्थ होऊ शकते. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये प्रश्न उलटा करून मांडला: स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नसेल, तर इतरांना तरी तिचे मन कुठे कळते? गैरसमज दोन्ही बाजूंनी होत असताना उणीव मात्र एकाच बाजूच्या नावावर नोंदली जाते, हा त्यांचा आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. त्यानंतर एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत जाण्याच्या साखळीचे प्रयोग झाले. पहिल्या प्रयोगात स्वमग्न आणि इतर व्यक्तींच्या मिश्र साखळ्यांत गोष्टीतील तपशील अधिक गळाले, पुढच्या अधिक मोठ्या प्रयोगात तसे घडले नाही. परंतु स्वमग्न व्यक्तींच्या साखळ्या दोन्ही वेळा इतरांच्या साखळ्यांइतक्याच सरस ठरल्या.

लशीचा आरोप सुपरिचित असल्यामुळे त्याचा थोडक्यात उल्लेख पुरेसा आहे. अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये १२ मुलांवरील निबंध प्रसिद्ध करून गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीवर संशय घेतला. पत्रकार ब्रायन डीअर यांच्या शोधातून त्यातील आर्थिक हितसंबंध आणि नोंदींतील फेरफार उघड झाले, आणि २०१० मध्ये तो निबंध मागे घेण्यात येऊन वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या पाहणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. साधारण ज्या वयात ही लस दिली जाते, त्याच वयात ऑटिझमची लक्षणे पालकांच्या नजरेत भरू लागतात, आणि पाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव पाहण्याची सवय मनाला असतेच. लस देण्यासाठी बाळाला कडेवर घेऊन गेलेली व्यक्ती बहुधा आईच असल्यामुळे अपराधाचे ओझेही तिनेच वाहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदर स्त्रियांनी पॅरासिटामॉल टाळावे असे जाहीर केले, तेव्हा हेच नव्याने घडले. स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर या गोळीचा आणि ऑटिझमचा संबंध उरला नव्हता. तरीही नऊ महिन्यांत आपण तापात कोणती गोळी घेतली होती, हे जगभरातील आया आठवू लागल्या.

प्रमाण इतके वाढते आहे, तेव्हा काहीतरी कारण असलेच पाहिजे, हा युक्तिवाद मात्र विचारात घेण्याजोगा आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीत २००० साली आठ वर्षांच्या दर १५० मुलांमागे एक मूल स्वमग्न आढळले होते, तर २०२२ च्या पाहणीत दर ३१ मुलांमागे एक. या काळात निदानाच्या व्याख्या रुंदावल्या, पूर्वी केवळ मतिमंद म्हणून नोंदली जाणारी मुले स्वमग्न म्हणून नोंदली जाऊ लागली, आणि शाळांत मदत मिळवायची तर निदानाचा कागद लागतो हे पालकांना कळले. डेन्मार्कमधील एका अभ्यासात वाढीचा सुमारे ६० टक्के भाग केवळ निदान आणि नोंदणीच्या पद्धती बदलल्यामुळे असल्याचे दिसले. उरलेल्या भागात आईवडिलांचे वाढते वय आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वाढलेले जगणे यांसारख्या गोष्टींचा वाटा असू शकतो. भारतात पाच ठिकाणी, ज्यांत उत्तर गोव्याचाही समावेश होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची घरोघर पाहणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ऑटिझमचे प्रमाण साधारण शंभरात एक किंवा किंचित अधिक आहे. स्वमग्नता ही पाश्चात्त्यांची किंवा श्रीमंतांची बाब असल्याचा समज या पाहणीने खोटा ठरवला.

सध्याचा मुख्य आरोपी मोबाइल आहे, आणि ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे नाव आता बालवाडीच्या पालकसभांतही ऐकू येते. हे निदान ‘डीएसएम-५’ मध्ये नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातही नाही. दोन वर्षांच्या मुलाने तासन्‌तास पडद्यासमोर बसू नये, यात शंका नाही. दोन वर्षांचे होईपर्यंत पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा अधिक नको, असे याच संघटनेने २०१९ मध्ये सुचवले आहे, कारण पडद्यापुढे गेलेला वेळ झोपेतून, खेळातून आणि माणसांशी होणाऱ्या बोलण्यातून वजा होतो. तथापि पडद्यामुळे भाषा मागे पडणे आणि पडद्यामुळे ऑटिझम होणे यांत महत्त्वाचे अंतर आहे. ज्या मुलाला माणसांचे क्षणोक्षणी बदलणारे चेहरे थकवतात, ते हुकमी पुन्हा दिसणाऱ्या त्याच त्या चित्राकडे आधीपासूनच ओढले जात असेल, तर अधिक पडदा हे ऑटिझमचे कारण नसून त्याची खूण ठरते. व्यवहारात याचा तोटा दुहेरी होतो. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बाबाही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता’ असे म्हणून घरातले आधी एक वर्ष घालवतात, आणि मग ‘मोबाइल बंद करा, सगळे ठीक होईल’ या सल्ल्यात दुसरे जाते. ते दुसरे वर्ष आई दोषी म्हणून काढते, कारण कामे उरकण्यासाठी फोन तिनेच मुलाच्या हाती दिलेला असतो. शिवाय न बोलणाऱ्या अनेक मुलांसाठी तोच पडदा वाचा ठरतो. मुंबईच्या आयआयटीत घडवलेल्या ‘जेलो’ या ॲपमध्ये चित्राला बोट लावताच ‘मला पाणी हवे’ यासारखे वाक्य मराठीतही ऐकू येते. सरसकट बंदीचा सल्ला ती वाचाही काढून घेतो. भीतीतून उभ्या राहिलेल्या बाजाराचे नुकसान याहून मोठे आहे: मूळपेशींचे लाखो रुपयांचे उपचार ऑटिझमवर विकले गेले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाला अशा उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट करावे लागले.

पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढून सहकारी मानणारे काम गोव्यात झाले, याची दखल मराठी वाचकांनी आवर्जून घ्यायला हवी. ‘संगाथ’ या संस्थेतील गौरी दिवाण आणि त्यांच्या ब्रिटिश व पाकिस्तानी सहकाऱ्यांनी मँचेस्टरमध्ये विकसित झालेली पद्धत दक्षिण आशियासाठी बदलून घेतली आणि गोवा व रावळपिंडी येथील ६५ मुलांच्या कुटुंबांबरोबर तिची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ डॉक्टर मोजके असल्यामुळे हे काम प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांवर सोपवले गेले. आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना काही मिनिटांचे चित्रण करायचे आणि नंतर कार्यकर्ती व पालक यांनी ते एकत्र बसून पाहायचे, ही या पद्धतीची मुख्य कल्पना आहे. मूल गाड्या ओळीत लावत असते, आई ‘ही कोणती? लाल म्हण ना, लाल’ असे विचारत असते, आणि चित्रण थांबवल्यावर दिसते की मुलाने मध्येच क्षणभर तिच्याकडे पाहिले होते, परंतु तेव्हा ती पुढची गाडी उचलत होती. पुढच्या खेळात ती प्रश्न कमी करते, थांबते, मुलाच्या नजरेमागे जाते आणि ते ज्याकडे पाहते त्याचेच नाव घेते. चाचणीत पालकांचे मुलाशी जुळवून घेणे वाढले आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. यात ऑटिझम बरा होण्याचा दावा नाही, आणि आईच्या चुकीमुळे मूल असे झाले हे गृहीतकही नाही. सामान्य मुलाला लागतो त्याहून अधिक बारीक असा प्रतिसाद या मुलाला लागतो, आणि तो शिकता येतो, एवढेच त्यात मानलेले आहे.

कारणाच्या या वादांत सर्वाधिक दुर्लक्ष झाले ते मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांकडे. कॅनर यांच्या ११ मुलांतील पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, १९४२ मध्ये मिसिसिपीतील एका शेतकरी जोडप्याकडे राहायला गेला. मोजमापाचा त्याचा ध्यास पाहून त्या जोडप्याने त्याला विहीर खणायला लावून तिची खोली सांगायला सांगितले, आणि मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजू लागल्यावर नांगरतानाच त्या मोजायला लावल्या. पुढे तो पदवीधर झाला, कुटुंबाचा हिस्सा असलेल्या गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. घरची सुबत्ता आणि त्याच्या लकबींसह त्याला सामावून घेणारे छोटे गाव, हे दोन्ही त्याच्या वाट्याला आले. कॅनर यांनी १९७१ मध्ये उरलेल्यांचा मागोवा घेतला, तेव्हा सरकारी संस्थांत वाढलेल्यांची अवस्था फार खालावलेली त्यांना दिसली, जरी बालपणी त्यांच्यात आणि डोनाल्डमध्ये तितके अंतर नव्हते.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा समावेशच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याला प्रथम स्थान दिले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो आला. ‘निरामय’ योजनेखाली एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने त्याचे आपोआप पालक राहत नाहीत, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. ‘आमच्या मागे याचे कोण?’ हा प्रश्न ज्यांना रात्री झोपू देत नाही, त्यांतील अनेकांना ही समिती आपल्या जिल्ह्यात आहे हेही कोणी सांगितलेले नसते. निदानाचा कागद हाती देणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने ती माहिती त्याच दिवशी द्यावी, आणि प्रौढ स्वमग्न व्यक्तींसाठी निवासाची व कामाची सोय तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचावी, ही पालकांच्या संघटनांची मागणी जुनी आहे आणि ती अद्याप पुरी व्हायची आहे.